बुलिमिया: आजार की सवय? भाचीविषयी सल्ला हवा आहे

पडवीतून
नमस्कार. मी दापोली तालुक्यातल्या एका गावात राहते. हा धागा काढावा की नाही, या विचारात गणपतीनंतरचे दोन आठवडे गेले. माझी एकोणीस वर्षांची भाची पुण्याला वसतिगृहात राहून शिकते आणि दर वर्षी गणपतीला आमच्याकडे येते. यंदा आली तेव्हा तिचा चेहरा जरा सुजल्यासारखा वाटला, पण अंगकाठी नेहमीसारखीच होती. बारीक नाही आणि जाडही नाही. आल्या दिवशी तिने उपास असल्याचे सांगितले, दुसऱ्या दिवशी पित्ताचे कारण दिले आणि तिसऱ्या दिवशी सर्वांबरोबर पंगतीत बसून पोटभर जेवली, तेव्हा मला बरेच वाटले.

त्याच रात्री उरलेले पंधरा-सोळा मोदक मी परातीत ठेवून वर केळीचे पान झाकले होते. सकाळी पान जसेच्या तसे होते, कडासुद्धा नीट आत खोचलेल्या होत्या, आणि खाली फक्त दोन मोदक होते. आधी घरातल्या मुलांवर आळ आला, मग मांजरावर. मांजर पान पुन्हा झाकून जात नाही, हे सासूबाईंनीच बोलून दाखवले. त्यानंतर मी लक्ष ठेवू लागले. जेवण झाले की ती पाच मिनिटांत मागच्या न्हाणीघरात जायची, आत हंड्याखाली नळ सोडायची आणि हंडा भरून वाहू लागला तरी नळ बंद व्हायचा नाही. त्या चार दिवसांत न्हाणीघरामागच्या अळवाला कधी नव्हे इतके पाणी मिळाले. बाहेर येताना तिचे डोळे लाल असायचे आणि तोंडात बडीशेप असायची.

शोधाशोध केल्यावर बुलिमिया हा शब्द सापडला. माझे प्रश्न दोन आहेत. हा खरोखर आजार आहे, की वयाबरोबर सुटणारी सवय? आणि तिच्याशी बोलायचे तर सुरुवात कुठून करावी? बहिणीला मी अजून काहीही सांगितलेले नाही.

समुद्रकाठ
स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आमच्या लहानपणी पेजेबरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा मिळाला तरी तो दिवस चांगला गेला असे वाटायचे. खाल्लेले अन्न मुद्दाम बाहेर काढण्याची चैन कोणाला परवडत नव्हती. शहरात राहून, भ्रमणध्वनीवर बारीक मुलींची छायाचित्रे पाहून लागलेले हे वेड आहे. गावी दोन महिने ठेवा आणि भाताच्या कापणीला उतरवा. आपोआप भूक लागेल आणि अन्न पचेलही.

भाकरतुकडा
समुद्रकाठ, तिला भूक लागत नाही असे ताईंनी कुठेही म्हटलेले नाही. चौदा मोदक भूक नसलेल्या माणसाला जात नाहीत. आमच्याकडे पैजेवर मोदक खाणारे एक काका आहेत, तेसुद्धा अकरावर हात टेकतात.

व्यवस्थापक
धागा महत्त्वाचा असल्यामुळे एक विनंती आहे. कोणीही आपले किंवा इतरांचे वजन, उष्मांकांचे आकडे किंवा उलटी कशी काढली जाते याचे तपशील येथे लिहू नयेत. याच आजाराशी झगडणारे कोणीतरी हे वाचत असू शकते.

दंतकथा
मी चिपळूणजवळ दातांचा दवाखाना चालवतो. या आजाराच्या माणसाला सर्वांत आधी पाहणारा डॉक्टर बऱ्याचदा मनोविकारतज्ज्ञ नसतो, तर आमच्यापैकी कोणीतरी असतो. जठरातले आम्ल वारंवार तोंडात आले की वरच्या पुढच्या दातांची टाळूकडची बाजू झिजते, तिथले कवच पातळ होते, दात कडेने काचेसारखे दिसू लागतात आणि गारगरम झोंबू लागते. आरशात पाहताना ही बाजू दिसत नाही, त्यामुळे रुग्णालाही पत्ता नसतो. कोकम, लिंबू किंवा शीतपेये यांच्या आम्लाचा परिणाम बहुधा दातांच्या बाहेरच्या बाजूला आधी दिसतो. तरीही केवळ दात पाहून निदान करता येत नाही, कारण जुनाट आम्लपित्तात किंवा गरोदरपणातल्या सततच्या उलट्यांतही अशीच झीज होते.

चेहरा सुजल्यासारखा वाटला, असे ताईंनी लिहिले आहे. वारंवार उलट्या करणाऱ्यांच्या कानाखालच्या लाळग्रंथी फुगतात आणि गालगुंड झाल्यासारखा चेहरा भरलेला दिसतो; बघणारे म्हणतात, ‘बरं झालं, अंगाला लागलं.’ एक व्यावहारिक सूचनाही करून ठेवतो. उलटीनंतर लगेच दात घासू नयेत, कारण आम्लाने मऊ झालेले कवच ब्रशने आणखी खरवडले जाते. साध्या पाण्याने किंवा चिमूटभर खायचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि दात नंतर घासावेत.

जुनी वही
पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: हा आजार आहे. ग्रीक भाषेतल्या बैल आणि भूक या दोन शब्दांपासून हे नाव आले आहे. म्हणजे बैलासारखी भूक. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातले मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये तीस रुग्णांच्या निरीक्षणांवरून ‘बुलिमिया नर्व्होसा’ हे नाव देऊन त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेत बुलिमियाचा समावेश झाला. 2013 च्या पाचव्या आवृत्तीनुसार थोड्या वेळात, म्हणजे साधारण दोन तासांत, इतर कोणी खाईल त्याहून उघडच जास्त खाणे, खाताना आपला स्वतःवर ताबा नाही असे वाटणे, नंतर वजन वाढू नये म्हणून उलटी, जुलाबाची औषधे, कडक उपास किंवा अति व्यायाम करणे, हे आठवड्यातून सरासरी एकदा तरी सलग तीन महिने घडणे आणि आपली किंमत शरीराच्या आकारावरून ठरवणे, या गोष्टी एकत्र असाव्या लागतात. आधीच्या आवृत्तीत आठवड्यातून दोनदा अशी अट होती. ती शिथिल केली, कारण एकदा घडणाऱ्यांचे हालही तितकेच असतात.

अ‍ॅनोरेक्सियात, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणेच तोडण्याच्या आजारात, माणूस खंगत जातो आणि ते घरच्यांना दिसते. बुलिमियात वजन बहुधा सर्वसाधारण किंवा थोडे जास्तच असते. म्हणूनच वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

आडवाट
आपल्याकडे भस्मक रोग सांगितलेला आहेच; कितीही खाल्ले तरी भस्म होते. शिवाय पंचकर्मात वमन आहे आणि योगात वमनधौती आहे. मग उलटी काढणे हे सरसकट वाईट कसे म्हणता येईल?

काढा आणि चाटण
मी वैद्य असल्यामुळे याचे उत्तर देणे माझे कर्तव्य समजतो. भस्मकात अग्नी तीक्ष्ण झाल्यामुळे खरी भूक लागते, असे सांगितले आहे. त्यात शरीराची लाज नाही, चोरून खाणे नाही आणि खाल्ल्यावरचा पश्चात्तापही नाही. दोघांत साम्य फक्त खाण्याच्या प्रमाणात आहे. वमनाविषयी सांगायचे तर ते निवडक रुग्णांना, नाडी व बळ पाहून, आधी स्नेहन-स्वेदन, म्हणजे तूप-तेल आणि शेक, करून, बहुधा वसंतात दिले जाते आणि नंतर पेया, विलेपी अशा पातळ ते घट्ट पेजेच्या क्रमाने काही दिवस आहार पूर्वपदावर आणला जातो. जेवल्यावर वजनाच्या भीतीने दार लावून केलेली उलटी आणि वमन यांत कोयता आणि शस्त्रक्रियेचे पाते यांच्याइतके अंतर आहे. अशा रुग्णाने वमन मागितले तर मी ते देणार नाही, आणि कोणत्याही वैद्याने देऊ नये. वजन उतरवण्यासाठी घरच्या घरी एरंडेल किंवा सोनामुखी घेणाऱ्यांनाही सांगतो की अन्नातले पोषण लहान आतड्यात आधीच शोषले गेलेले असते. रेचकाने प्रामुख्याने पाणी आणि क्षार जातात, आणि काट्यावर कमी दिसते ते पाणीच.

वेंगुर्ल्याची
मी या संस्थळावर नऊ वर्षे आहे, पण हे कधी लिहिले नाही. मला हा आजार सहा वर्षे होता.

समुद्रकाठ यांना वाटते तशी सुरुवात चैनीतून झाली नव्हती. बारावीनंतर मी मुंबईला गेले. पहिल्या मे महिन्यात घरी आले तेव्हा एसटीतून उतरल्या उतरल्या तिठ्यावर ओळखीच्या बाई म्हणाल्या, ‘मुंबईचं पाणी मानवलं गो तुका.’ त्या प्रेमानेच म्हणाल्या. मी मात्र त्या रात्रीपासून भात सोडला. मग नाश्ता सोडला, मग दुपारचा डबा मैत्रिणीला देऊ लागले. तीन आठवडे मोठ्या अभिमानात गेले. चौथ्या आठवड्यात एका संध्याकाळी खोलीत एकटी असताना आईने पाठवलेली आंब्याची साटे मी उभ्याने, चव न घेता, बाहेर पावलांचा आवाज येतो का हे ऐकत संपवली. किती होती ते लिहिणार नाही. संपल्यावर जी भीती वाटली ती पाण्यात पाय सुटल्यावर वाटते तशी होती आणि उलटी हा त्या वेळी किनारा वाटला. दुसऱ्या दिवशी ‘आता काल भरून काढायचे’ म्हणून दिवसभर काही खाल्ले नाही, आणि रात्री पुन्हा तेच घडले.

हे चक्र मला पाच वर्षांनी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कागदावर काढून दाखवले, तोवर मला वाटत होते की माझ्यात संयम नाही. वस्तुतः मी दिवसाचे बारा-चौदा तास संयमच करत होते आणि रात्री त्याचीच परतफेड होत होती. त्यांनी पहिल्या भेटीत वजनाबद्दल अवाक्षर काढले नाही, रक्ततपासणी लिहून दिली. त्याआधी काही महिने माझ्या पोटऱ्यांत गोळे येत आणि छातीत मधूनच एक ठोका चुकल्यासारखे होई. पोटॅशियम इतके उतरले होते की त्यांनी मला घरी न पाठवता त्याच दिवशी दाखल करून घेतले. उलट्यांमुळे पोटॅशियम कमी होते आणि त्याने हृदयाची लय बिघडू शकते. माणूस वरून धडधाकट दिसत असताना. ताई, बाकी सर्व नंतर झाले तरी चालेल, ही तपासणी आणि ईसीजी मात्र लवकर करून घ्या.

उपचारात मला सर्वांत अवघड गेली ती गोष्ट ऐकायला सर्वांत सोपी होती: दिवसातून तीन वेळा जेवण आणि दोन-तीन वेळा काहीतरी मधले खाणे, ठरल्या वेळी, आदल्या रात्री काहीही घडलेले असले तरी. त्याबरोबर एक वही. वेळ, काय खाल्ले, कुठे आणि कोणासोबत, त्या वेळी मनात काय होते, आणि शेवटचा रकाना उलटीचा. पहिले दोन महिने शेवटचा रकाना भरत होता आणि मी वही दाखवायला घाबरत होते. बाई तो रकाना न वाचता दुपारी चार वाजता काय खाल्ले, हे आधी विचारायच्या.

समुद्रकाठ
वेंगुर्ल्याची, माझा आधीचा सूर योग्य नव्हता. पण उपाशी राहिल्याने एवढे होते, हे मला अजून पटलेले नाही. आमच्या घरात एकादशी, संकष्टी, चातुर्मास सर्व पाळले गेले आणि कोणी रात्री उठून डबे उघडले नाहीत.

जुनी वही
समुद्रकाठ, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला होता. हे युद्धात लढण्यास नकार देऊन स्वेच्छेने आलेले पुरुष होते. मानसिकदृष्ट्या खणखणीत म्हणून निवडलेले. त्यांना सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाचे विचार येऊ लागले, काही जण पाककृती जमवू लागले, आणि पुन्हा खायला मिळाल्यावर काही जणांचा खाण्यावरचा ताबा सुटला. तिथे आरसा, फॅशन, भ्रमणध्वनी यांपैकी कशाचाही संबंध नव्हता; अर्धपोटी राहणे पुरेसे होते. एकादशीचा उपास द्वादशीला सुटतो, हे सर्वांना ठाऊक असते. वजनाच्या भीतीने धरलेल्या उपासाला पारणे नसते.

तुमचा भ्रमणध्वनीचा मुद्दा मात्र अगदीच टाकाऊ नाही. फिजी बेटांवर पूर्वापार भरपूर जेवणे आणि भरलेले अंग यांचे कौतुक होते, थोडेफार आपल्या कोकणासारखेच. तिथल्या नाड्रोगा भागात 1995 मध्ये दूरचित्रवाणी आली. अ‍ॅन बेकर आणि सहकाऱ्यांनी तेव्हा 63 शाळकरी मुलींना विचारले, तर वजनासाठी उलटी करणारी एकही नव्हती. 1998 मध्ये 65 जणींना विचारले तेव्हा 11.3 टक्के मुलींनी तसे सांगितले. पाहणी लहान आहे आणि एवढ्यावरून दूरचित्रवाणी हेच एकमेव कारण ठरत नाही. आनुवंशिकता, चिंता, उदासीनता, शरीरावरून झालेली चेष्टा अशी अनेक कारणे एकत्र येतात.

तांडेल
हा फक्त मुलींचा विषय आहे, असे वाचणाऱ्यांना वाटू नये म्हणून लिहितो. मी व्यापारी जहाजावर नोकरी करतो. घर जयगडच्या बाजूला. आम्हाला ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी द्यावी लागते. एकदा वजनावरून बोलणी बसली आणि ती डोक्यात राहिली. मी आयुष्यात एकदाही उलटी काढली नाही. रात्रपाळी संपल्यावर मेसमध्ये मिळेल ते खायचो आणि त्यानंतर डेकवर पाय सुजेपर्यंत चालायचो. ताप असताना, समुद्र खवळलेला असताना. सहकारी म्हणायचे, ‘याच्यासारखी शिस्त पाहिजे.’ ती शिस्त नव्हती, हे तीन वर्षांनी गुडघा गेला तेव्हा एका डॉक्टरांनी ओळखले. आधीच्या दोघांनी ‘पुरुषांना हे होत नाही’ असे सांगून मला परत पाठवले होते.

भाकरतुकडा
तांडेल, तुमची पोस्ट वाचून माझा मोदकांचा विनोद मला थोडा जड जातो आहे. पैजेवर जेवणाऱ्या आमच्या काकांना उद्या फोन करणार आहे. पैज एरवी कोणाशी लागलेली नसतेच, असे काकू एकदा म्हणाल्या होत्या.

समुद्रकाठ
एक खरा प्रश्न आहे, टोमणा नाही. मग अशा मुलीला आग्रह करायचाच नाही का? पाहुणीला दुसऱ्यांदा भात न विचारणे हे आमच्या घरात अपमानासारखे आहे.

वेंगुर्ल्याची
वाढावे, आणि सर्वांबरोबर वाढावे. फक्त तिच्या ताटावर चर्चा करू नये. ‘एवढंच?’ आणि ‘अजून?’ हे दोन्ही प्रश्न मला सारखेच लागायचे. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ हे तर सर्वांत वाईट, कारण ते ऐकून मी आणखी एक आठवडा तसाच काढायचे. जेवणानंतर तासभर कोणी सहज सोबत असले तर फार उपयोग होतो. पत्त्यांचा डाव, समुद्रावर फेरी, काहीही. पहारा म्हणून नव्हे. न्हाणीघराबाहेर उभे राहिलात तर ती दुसरी जागा शोधेल.

बोलायचे असेल तर समोरासमोर बसवून बोलू नका आणि जेवणाच्या वेळी तर नकोच. हाताला काही काम असताना, शेजारी बसून, जे पाहिले तेवढेच सांगा. मोदकांचा उल्लेख नको. चोरी पकडली गेल्यासारखे वाटते.

काढा आणि चाटण
उपचारांविषयी थोडी भर घालतो. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती, म्हणजे सीबीटी, प्रौढांत सर्वाधिक उपयोगी ठरली आहे. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी तिला या आजारासाठी आकार दिला आणि साधारण वीस आठवड्यांत वीस बैठका असा तिचा आराखडा असतो. किशोरवयीनांत कुटुंबाला सोबत घेऊन उपचार करतात. औषधांत फ्लुऑक्सेटीन वापरतात आणि त्याची मात्रा उदासीनतेसाठी देतात त्याहून बहुधा जास्त लागते, त्यामुळे ते मनाने सुरू करण्याचे औषध नाही. जिल्हा रुग्णालयांत मनोविकार विभाग असतो. जवळपास कोणीच नसेल तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही. विम्याविषयी कोणी विचारील म्हणून सांगतो: 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या कलम 21 नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांसाठी शारीरिक आजारांप्रमाणेच विम्याची तरतूद करायची आहे.

पडवीतून
दिवाळी झाल्यावर लिहीत आहे. सर्वांचे उत्तर दोनदा वाचले, वेंगुर्ल्याची यांचे त्याहून अधिक वेळा.

भाची भाऊबिजेपर्यंत आमच्याकडे होती. अंगणात भात वाळत घातले होते आणि आम्ही दोघी पायरीवर बसून कोंबड्या हाकत होतो. मी म्हटले, ‘जेवणानंतर तू मागे जातेस, ते मला ऐकू येतं. मी रागावलेली नाही, मला तुझी काळजी वाटते.’ बराच वेळ ती काहीच बोलली नाही. एक खडा उचलून कोंबडीच्या दिशेने टाकला, तोही लागू नये असा. मग तिने विचारले, ‘मावशी, गणपतीतसुद्धा ऐकू येत होतं?’ मी हो म्हटले. ती म्हणाली, ‘मग तेव्हाच का नाही बोललीस?’ याचे उत्तर माझ्याकडे नव्हते आणि मी ते बनवलेही नाही.

बारावीपासून, म्हणजे दोन वर्षे, हे चालू आहे. आईला तिनेच सांगितले, मी फक्त शेजारी बसले होते. बहीण आधी रडली, मग म्हणाली की मी तुला काय कमी केले. त्यावर भाची उठून जाऊ लागली तेव्हा मी तिचा हात धरला. रक्ततपासणीत पोटॅशियम थोडे कमी निघाले, ईसीजी ठीक आहे. पुण्यात उपचार सुरू झाले आहेत आणि चार बैठका झाल्या.

दंतकथा
चांगली बातमी आहे. सवडीने दातही दाखवून घ्या, घाई नाही.

वेंगुर्ल्याची
तिला वही दिली आहे का?

पडवीतून
दिली आहे. काल तिने फोनवर एका पानाचे छायाचित्र पाठवले. सकाळच्या दोन ओळींपुढे शेवटच्या रकान्यात खूण आहे. त्याखाली ‘दु. 4, एक करंजी, मावशीच्या डब्यातली, मैत्रिणीसोबत, भीती वाटली’ असे लिहिले आहे आणि त्या ओळीचा शेवटचा रकाना कोरा आहे.